मेच्या दुपारपासून उलटा हिशेब: खानदेशात मोठे शिकारी मासे पाळताना

मोठा मासा पाळायची हौस बहुतेकांना थंडीत होते. दुकानातला तीन इंची ऑस्कर काचेपाशी येऊन टक लावून बघतो, किंमत खिशाला झेपणारी असते, आणि घरात एक रिकामा कोपरा असतोच. निर्णय मात्र मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घ्यायला हवा. बाहेर पारा ४५ च्या पुढे, स्लॅब तव्यासारखा तापलेला, लाइट गेलेली, आणि नळाला उद्या पाणी येणार की परवा याचा पत्ता नाही. त्या दुपारी जो मासा तगेल तोच घ्यायचा, आणि जेवढी टाकी सांभाळता येईल तेवढीच घ्यायची. मुंबई-पुण्याच्या शौकिनांचे सल्ले जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे अर्धेच लागू पडतात, ते यामुळेच.

मासा कोणता

आमच्या शेजारच्या आजी टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, “कितला मोठा व्हई रे भाऊ हाऊ?” दुकानात हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मी फार कमी पाहिलं आहे. तिथे सगळे मासे बोटाएवढेच असतात.

ऑस्कर एक ते सव्वा फूट होतो. पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो, म्हणजे दिवाळीत आणलेला तीन इंची मासा पुढच्या दिवाळीपर्यंत ताटात मावणार नाही एवढा झालेला असतो. मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातला. पण आपल्याकडे विकले जाणारे ऑस्कर बहुतेक देशातच, चेन्नई आणि पश्चिम बंगालकडच्या पैदाशीचे असतात आणि आमच्या बोअरच्या जड पाण्यात बिनतक्रार राहतात. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी दुसरं नाव सुचवत नाही. एकट्यासाठी चार फुटी टाकी, जोडीसाठी सहा फुटी.

मध्य अमेरिकेतला जग्वार सिक्लिड जड, अल्कधर्मी पाण्यातलाच, त्यामुळे आमच्या पाण्याला तो ऑस्करपेक्षाही जवळचा. स्वभाव मात्र भाऊबंदकीतल्या थोरल्या भावासारखा: सगळी टाकी त्याची. दीड फुटाच्या आसपास जातो आणि एकटाच ठेवावा लागतो. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने तयार केलेला संकर. त्याचंही तसंच, तोही एकटाच बरा.

सिल्व्हर अरोवाना घरोघरी ‘लकी’ म्हणून येतो. तो तीन फुटांचा होतो. त्याला वळायला टाकीची रुंदी लागते, लांबी नंतर. दोन फूट रुंदीत पूर्ण वाढलेला अरोवाना म्हणजे बोळात अडकलेली बैलगाडी. रुंदी किमान अडीच-तीन फूट आणि लांबी आठ फूट देता येत नसेल तर तो घेऊ नका. त्याच्या मुलखात तो पाण्याबाहेर झेप घेऊन झाडावरचे किडे टिपतो. ती सवय तुमच्या हॉलमध्येही सुटत नाही.

रेड टेल कॅटफिश चार फुटांपर्यंत जातो. ॲलिगेटर गार सहा फूट ओलांडतो. हे दोन्ही घरात पाळायचे मासेच नाहीत, मग दुकानात पिल्लू कितीही गोजिरं दिसो. आणि ‘पिरान्हा’ म्हणून लाल पोटाची पिल्लं दाखवली तर दात बघा. माणसाच्या दाढांसारखे बोथट, सपाट दात असतील तर तो पाकू. त्यालाच मासळी बाजारात रूपचंद म्हणतात आणि तो किलोवर मिळतो.

सोनेरी-लाल आशियाई अरोवानाचा मोह झाला तर थांबा. तो साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये आहे, आणि ॲमेझॉनमधला महाकाय मासा अरापैमा परिशिष्ट २ मध्ये. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या प्रजाती भारतीय कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला मासा स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका.

मोठा झालेला मासा तापी, गिरणा, वाघूर किंवा मेहरूण तलावात ‘पुण्य’ म्हणून सोडणं हा प्रकार तर पूर्ण बंद. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला. तो उत्तर अमेरिकेतला मासा, तिथे आपल्या पायांनी गेला नव्हता. काचा साफ करायला आणलेला सकरफिशही देशभरच्या नद्या-तळ्यांत असाच पसरला आहे. मासा घेण्याआधीच तो परत घेईल असं दुकान किंवा मोठी टाकी असलेला दुसरा शौकीन बोलून ठेवा.

जागा आणि वजन

पुढचा सगळा हिशेब सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीचा. काठोकाठ धरली तर ६८० लिटर. वर चार बोटं मोकळी सोडून आणि दगड-वाळू वजा जाता पाणी ६०० लिटर. १२ मिमी काचेचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास. स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी धरून सगळं मिळून ८५० ते ९०० किलो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून बांधतात, आणि ही टाकी उभी राहते जेमतेम १.१ चौरस मीटरवर. म्हणून तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायचीच असेल तर भिंतीला लागून, बीमवर, आणि बांधकाम कळणाऱ्या इंजिनिअरला दाखवून. जुन्या धाब्याच्या घराची खालची खोली असेल तर नशीबवान आहात. जाड मातीच्या भिंतींमुळे ती खोली मेमध्येही स्लॅबच्या घरापेक्षा गार राहते. पत्र्याखालची खोली आणि पश्चिमेची भिंत या दोन जागा सोडूनच विचार करा.

स्टँड ठेवल्यावर पाणसळ लावून चारही बाजू तपासा. शहाबादी फरशी दिसते सपाट, असते उंचसखल. स्टँड आणि काच यांच्यामध्ये थर्माकोलचा अर्धा इंची शीट. टाकी जोडून घेतली असेल तर सिलिकॉन आठवडाभर वाळू द्या, मग पाणी भरून आणखी आठवडाभर नुसती बघत राहा. गळती व्हायची असेल तर ती मासे येण्याआधी होऊ दे. बुरशीरोधक औषध घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं विष पाण्यात उतरतं.

झाकण काचेचं किंवा जाळीचं, आणि त्यावर वजन. फटीतून मासा बाहेर पडतो म्हणजे पडतोच.

फिल्टर, म्हणजेच संप

शौकीन त्याला संप म्हणतात. कामगारांचा नव्हे. टाकीच्या खाली दुसरी टाकी, मुख्य टाकीच्या पाव ते तीस टक्के आकाराची. वरचं पाणी पाइपातून खाली उतरतं, आधी कापडी पिशवीत गाळ अडतो, मग स्पंज, मग सिरॅमिक रिंग किंवा सच्छिद्र लाव्हा दगड, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी परत वर फेकतो. शिकारी मासे खातात प्रथिनं आणि घाणही तेवढीच करतात. त्यामुळे ताशी पाच-सात वेळा सगळं पाणी फिरलं पाहिजे. ६०० लिटरला ताशी ४,००० लिटरचा पंप.

आमच्याकडे लाइट जाण्याचा हिशेब संपातच करावा लागतो. लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी पाइपातून उलटं खाली यायला लागतं. सहा बाय दोनच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ११ लिटर. परतीच्या पाइपाचं तोंड पाच सेंटिमीटर बुडालेलं असेल तर ५५ लिटर पाणी खाली येतं. संपात तेवढी जागा मोकळी नसेल तर ते हॉलमध्ये येतं. मी हे सोफ्याखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेल्या जुन्या दिवाळी अंकांची किंमत मोजून शिकलो. उपाय फुकटातला आहे: परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक लहान भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि धार तुटते. दर महिन्याला त्या भोकातलं शेवाळ टूथपिकने काढा. मग मुद्दाम दहा वेळा प्लग काढून बघा. दहाही वेळा फरशी कोरडी राहिली पाहिजे.

वायरी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, सॉकेटात जाणार नाही. टाकीच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंप बंद.

तळाला वाळू घालायचीच तर पातळ थर. कुठलीही वाळू असो, तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, आणि आमच्या जड पाण्यात आणखी चुना नको. काळा दगड चालतो, धारदार कडा नकोत. ऑस्कर रोज रात्री फर्निचर हलवणाऱ्या भाडेकरूसारखा आहे. दगड काचेवर सरळ टेकवा, वाळूवर नको, नाहीतर तो खालची वाळू उपसून दगड पाडतो.

टाकी पिकवणं

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त. माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू संपातल्या रिंगांवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा, संप चालू ठेवा, आणि थेंबांच्या टेस्ट किटने मोजा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. ओळखीच्या कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला घाणेरडा स्पंज मागून आणा. दह्याला विरजण लावण्यासारखंच आहे ते.

आमच्या पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास निघतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहा पटीने वाढतो, आणि पाणी तापलं की आणखी. म्हणून कोकणातल्या मऊ पाण्यात खपून जाणारी चूक इथे मासा मारते.

पाणी कुठलं? नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन, ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर. प्लास्टिकच्या ५०० लिटरच्या टाकीत साठवून चोवीस तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालवला की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरच्या मापाने. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण शेतातलं खत पाझरून नायट्रेट असू शकतं. ते एकदा किटने तपासा. नळ दोन-तीन दिवसांआड येतो तिथे ही ५०० लिटरची टाकी म्हणजे ॲक्वेरियमचाच भाग समजा. ती नसेल तर मोठा मासा नको.

दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलायचं, म्हणजे १८० ते २४० लिटर. वाया जात नाही: मोगरा, कढीपत्ता आणि परसातली केळ त्यावर माजतात. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर महिनाभर पोसलेले जिवाणू क्लोरीनने मेलेच. पाणी बदलल्यावर ऑस्कर कधी कधी रुसून तळाला आडवा पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव जातो. अमोनिया-नायट्राइट शून्य असेल आणि श्वास संथ असेल तर तासाभरात उठतो.

मे महिना

पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. चौतीस अंशांना सात. त्याच वेळी तापलेल्या माशाची गरज वाढलेली असते. म्हणजे मासा मरतो तो बहुतेकदा उष्णतेने नव्हे, गुदमरून. ऑस्करला २४ ते २८ अंश मानवतात. बत्तीसपर्यंत तो भरपूर हवा मिळाली तर काढतो. त्यापुढे त्याला जाऊ द्यायचं नाही.

बर्फाच्या बाटल्या टाकणारे खूप आहेत. हिशेब करून बघा. लिटरभर बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत ६०० लिटर पाणी जेमतेम अंशाच्या पाचव्या हिश्शाने निवतं. एक अंश उतरवायला पाच-सहा बाटल्या, आणि दोन तासांत पाणी पुन्हा तेवढंच. त्याऐवजी एक लिटर पाणी पृष्ठभागावरून नुसतं उडून गेलं तरी त्या पाच बाटल्यांएवढी उष्णता जाते. आमची हवा मेमध्ये कोरडी ठणठणीत असते, म्हणूनच घरोघर कूलर चालतो. तोच नियम टाकीला. काचेचं झाकण काढून प्लास्टिकची जाळी घट्ट बसवा आणि एक टेबलफॅन पाण्यावर तिरका लावा. दोन ते चार अंशांचा फरक पडतो. संपावरही एक छोटा फॅन लावा.

पाणी झपाट्याने उडतं, क्षार मात्र मागे राहतात. रोजची भर शक्यतो आरओच्या पाण्याने घाला, आणि आठवड्याचा पाणीबदल चुकवू नका. दिवे दिवसा बंद. खाणं निम्म्यावर आणा आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर द्या, कारण खाल्लेलं पचवायलाही प्राणवायूच लागतो. पाणी गार करणारे चिलर मिळतात, चांगलेही असतात, पण ते फ्रिजसारखी वीज खातात आणि घरच्या इन्व्हर्टरवर फार वेळ टिकत नाहीत. लाइट गेली की नेमका तोच बंद.

आणि लाइट जाते. मे अखेरीस वावटळ सुटून वळीव येतो, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच रात्री विजेचे खांबही. बारा वोल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून साधारण १,२०० वॉट-तास हाती लागतात. ४० वॉटचा पंप, १० वॉटचा एअर पंप, ३० वॉटचा फॅन, एकूण ८०. म्हणजे पंधरा तास. पण त्याच इन्व्हर्टरवर घरचे दोन सीलिंग फॅन आणि टीव्ही असेल तर पाच-सहाच. बॅटरी टाकीपुरती वेगळी ठेवा, घरात भांडण होत नाही. तेही संपलं तर पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप, आणि तोही नसेल तर मग तांब्या: टाकीतलंच पाणी भरून वरून धार सोडायची, अर्ध्या तासाने पुन्हा.

अशाच एका रात्री माझा पहिला ऑस्कर गेला. रात्री नऊला गेलेली लाइट सकाळी अकराला आली. रात्रभर तांब्याने पाणी ओतून मी त्याला जगवला होता. लाइट आल्याबरोबर आनंदाने बंद डब्याचा फिल्टर चालू केला. त्या डब्यातलं पाणी चौदा तास हवेविना कोंडलं होतं, जिवाणू मेले होते, ते सगळं सडकं पाणी एका झटक्यात टाकीत आलं. दुपारपर्यंत मासा संपला. डब्याचा फिल्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर त्यातलं पाणी ओतून, रिंगा टाकीच्या पाण्यात विसळून मगच चालू करा. नंतरचे आठ दिवस अमोनिया रोज मोजा आणि खाणं जवळपास बंद ठेवा.

मरळ, गार, चितळ जातीचे मासे वर येऊन हवाही घेतात, त्यामुळे अशा रात्री ते ऑस्करपेक्षा सहज तगतात. त्यांच्यासाठी पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेची जागा कायम हवी.

आणणं आणि खाऊ घालणं

मासा मुंबई किंवा सुरतहून आणत असाल तर रात्रीच्या गाडीने, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात. एप्रिल-मेमध्ये आणूच नका. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तासभर थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत जा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. आधीचे मासे असतील तर नवा पाहुणा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत.

सोबतीचा नियम सोपा: तोंडात मावेल तो सोबती नव्हे, घास.

जिवंत गोल्डफिश खायला घालून पाहुण्यांना तमाशा दाखवायची हौस बऱ्याच जणांना असते. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशमधला थायामिनेज नावाचा घटक माशाच्या शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो. मुख्य अन्न चांगले तरंगणारे पेलेट, म्हणजे तयार खाद्याचे दाणे. त्यावर आठवड्यातून दोनदा सोललेली कोळंबी किंवा माशाचा बिनकाट्याचा तुकडा, आणि गांडूळखताच्या वाफ्यातली धुतलेली गांडुळं. टोळ-नाकतोडे अरोवानाला फार आवडतात, पण ते कपाशीच्या किंवा केळीच्या वावरातून धरून आणू नका. फवारणीचं औषध त्यांच्या अंगावर असतं आणि माशाला तेवढं पुरतं. पिल्लाला दिवसातून दोनदा, मोठ्याला आठवड्यातून चार-पाच वेळा, आणि एक दिवस कडक उपास. दहा मिनिटांत संपलं नाही ते काढून टाका.

डोक्यावर खळगे पडायला लागले तर औषधाच्या दुकानात धावण्याआधी नायट्रेट मोजा. लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणी बदलण्याचं वेळापत्रक कुठेतरी चुकलंय. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तापमान हळूहळू ३० अंशांवर न्या, हवा वाढवा. तांबं असलेली औषधं बिनखवल्यांच्या कॅटफिशला सोसत नाहीत.

पावसाळा ते थंडी

पहिला पाऊस झाला की हवा दमट होते आणि फॅनचा परिणाम घटतो. पण तोवर उन्हाळाही उतरलेला असतो. जुलैमध्ये नळाचं पाणी गढूळ येतं आणि त्यात क्लोरीन जास्त मारलेलं असतं. साठवणीच्या टाकीला एक दिवस जास्त द्या.

डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. हे मासे विषुववृत्ताकडचे, वीस अंशांखाली ते खाणं सोडतात आणि आजारी पडतात. ६०० लिटरला ३०० वॉटचे दोन हीटर संपात बसवा, टाकीत नको. ऑस्कर काचेचा हीटर शेपटीने फोडतो. एकाऐवजी दोन अशासाठी, की एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. पाणी बदलताना हीटर आधी बंद करा, उघडा पडलेला तापलेला हीटर गार पाणी लागताच तडकतो. दसऱ्याला अवजारं पुजायला काढाल तेव्हाच हीटर बादलीत बुडवून चालतात का ते पाहून घ्या. थंडीत बंद पडलेला हीटर लक्षात येतो तो नेमका रविवारी रात्री, दुकानं बंद झाल्यावर.